घोडबंदर रोडवर कावाये-कोल: एका पाइप ऑर्गन सॅम्पल सेटचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, चर्च ऑर्गन रीतसर शिकलेल्यांसाठी हा रिव्ह्यू नाही, त्यांना माझ्यापेक्षा खूप जास्त कळतं आणि त्यांनी लिहिलेलं पोत्याने पडलंय. हा आपल्या लोकांसाठी आहे. म्हणजे ज्यांना ऑर्गन म्हटलं की ठाण्याच्या गडकरी रंगायतनला स्टेजपुढे बसलेला साथीचा ऑर्गन, म्हणजे पायपेटी, आठवतो, पायाखाली दोन पायटे, गुडघ्याने दाबायची फळी, शेजारी तबला, आणि तिसरी घंटा झाली की नांदीचा पहिला सूर. मी तोच वाजवते, हौशी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत. घरचा ऑर्गन आजोबांचा, आणि त्यात पॅरिसचे सूर (म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभा) आहेत हे आजोबा येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगायचे.

तर या पाइप ऑर्गनच्या भानगडीत पडायचं कारण म्हणजे डिसेंबर २०२४, पॅरिसचं नोत्र दाम आगीनंतर परत उघडलं तो सोहळा. त्यात आर्चबिशप उभे राहून ऑर्गनला जागं व्हायला सांगतात आणि ऑर्गन वरून उत्तर देतो, असं आठ वेळा झालं. २०१९ च्या आगीत छत गेलं पण ऑर्गन जळला नाही, नुसती शिशाची धूळ बसली, म्हणून त्याचे सुमारे ८,००० पाइप उतरवून साफ करून परत सुरात लावले. तो आवाज टीव्हीच्या फडतूस स्पीकरमधूनसुद्धा असा आला की हातातली पोळी हातातच. मग शोधलं कुणी बनवलाय, तर आरिस्तीद कावाये-कोल, १८६८. मग कळलं की या माणसाचे ऑर्गन आता लॅपटॉपवर वाजवता येतात. मग काय, पैसे गेले.

वस्तू काय आहे ते आधी. युरोपात काही छोट्या टीम आहेत, त्या जुन्या चर्चमध्ये रात्री रहदारी थांबल्यावर माइक लावून बसतात आणि ऑर्गनचा एकेक पाइप वेगळा वाजवून रेकॉर्ड करतात, पट्टी दाबल्या दाबल्या येणारा फुंकरीचा आवाज वेगळा, मधला लांब सूर वेगळा, आणि पट्टी सोडल्यावर दगडी भिंतींमध्ये घुमत विरणारी आस वेगळी. याला सॅम्पल सेट म्हणतात. तो वाजवायला एक प्लेयर प्रोग्रॅम लागतो, त्यात ग्रँडऑर्ग नावाचा पूर्ण फुकट आहे, आणि महिन्याच्या वर्गणीवाले महाग पण आहेत. मी वर्गणीवाला घेतलाय. सेट घेतला तो नॉर्मंडीतल्या काँ शहरातल्या सेंट-एतिएन चर्चचा, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची समाधी जिथे आहे ते. ऑर्गन १८८५ चा, तीन कीबोर्ड, पायाचा एक, ५० स्टॉप (स्टॉप म्हणजे ओढायची खुंटी, ती ओढली की एका जातीचे पाइप वाजायला लागतात). गावाचं नाव, कावाये-कोल आणि १८८५ एवढं टाकलं की सापडतो.

वाजवायला काय लागतं? दोन एमआयडीआय कीबोर्ड (म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचे) एकावर एक (तिसरा असेल तर उत्तम, माझ्याकडे जागा नाही, हॉलमध्ये आधीच आजोबांचा ऑर्गन आणि नवऱ्याची सायकल), बऱ्यापैकी लॅपटॉप, चांगला हेडफोन, आणि पेडलबोर्ड म्हणजे पायाने वाजवायच्या ३० लाकडी पट्ट्या. पेडलबोर्ड बाहेरून मागवला तर त्या किमतीत एक बाइक येते, म्हणून मी मानपाड्याच्या आमच्या सुतारदादांना ड्रॉइंग दिलं. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ताई, ही शिडी आडवी करून लावायची कुठे?" पण काम असं चोख केलंय की बघत राहावं, प्रत्येक पट्टीची कड पटाशीने मारलेली, पाय सरकवला तर कुठे कूस लागत नाही. पट्टीखाली लोहचुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा), ते लॅमिंग्टन रोडवरून आणले, वायरिंग मुलाने केलं. दादांना मी सांगितलं की हा ज्याचा ऑर्गन आहे त्याने तरुणपणी एक गोल करवत शोधून काढली होती, तर म्हणाले, "मग आपल्यातलाच की माणूस."

आता आवाज. पहिल्यांदा बसलात की मोह होतो सगळे स्टॉप ओढून धाडकन वाजवायचा. करू नका. एकच ओढा, फ्ल्यूट हार्मोनिक ८. हा कावाये-कोलचा लाडका स्टॉप. यात पाइप लागतो त्याच्या दुप्पट लांब करतात आणि बरोबर मध्यावर एक बारीक भोक पाडतात, त्या भोकामुळे पाइप आपला मूळचा खालचा सूर सोडून वरच्या सप्तकातला सूर धरतो, आणि लांबी जास्त, हवा जास्त, म्हणून तो सूर गोल आणि भरलेला येतो. मी यमनचा गंधार दाबून नुसती धरून बसले. मग नी, मग वरचा सा, मग वरचा रे, ग. आपल्या पेटीत काय होतं, तार सप्तकात गेलात की सूर बारीक होतो, थोडा टोचतो, म्हणून आपण वर गेलो की खालचा नर जोडून घेतो. इथे उलटं. जसे वर जाता तसा आवाज फुलत जातो. हे रेकॉर्डिंगवाल्यांचं कौतुक नाही, हे त्या माणसाने मुद्दाम केलेलं आहे, वरच्या पाइपांना हवेचा दाब जास्त आणि खालच्यांना कमी, म्हणजे गाण्याची वरची ओळ झाकली जाऊ नये. एकाच ऑर्गनमध्ये वेगवेगळ्या दाबाची हवा खेळवायची ही त्याची खास गोष्ट.

ते ८, १६, ४ आकडे बघून घाबरू नका. फुटांत पाइपची लांबी आहे, सगळ्यात खालच्या पट्टीच्या पाइपची. आपल्या खर्ज-नर-मादीचाच हिशोब. ८ म्हणजे नर, जी पट्टी दाबली तोच सूर. १६ म्हणजे एक सप्तक खाली, खर्ज. ४ म्हणजे एक सप्तक वर, मादी. एवढं कळलं की ५० स्टॉपांमधले निम्मे तिथल्या तिथे कळतात, उरलेले कानाने.

या कावाये-कोल बाबाबद्दल थोडं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण सेटमधल्या अर्ध्या गोष्टी त्याच्या डोक्यातून आल्या आहेत. जन्म १८११, माँपेलिए, घराणंच ऑर्गनवाल्यांचं, आजोबा, वडील, भाऊ सगळे त्यात. वडिलांबरोबर स्पेनमध्ये पण काम केलं. तुलूझला असताना या घराने पायाने हवा भरायचं एक छोटं वाद्य बनवलं होतं, पॉइकिलोर्ग, आणि ऐका, त्यात पाइप नव्हते, पितळी सूर होते. आपल्या पेटीत असतात तसेच मोकळे सूर! म्हणजे पायपेटीचा चुलतभाऊच म्हणा. १८३२ मध्ये तुलूझला रोसिनी आला होता, तोच ऑपेरावाला रोसिनी, त्याने हे वाद्य ऐकलं, ऑपेरात वापरायला घेतलं आणि पोराला सांगितलं इथे काय करतोस, पॅरिसला जा. गेला १८३३ मध्ये. तर तिथे सेंट-डेनी चर्चच्या नव्या ऑर्गनसाठी स्पर्धा चालू होती आणि मुदत संपायला अगदी थोडे दिवस उरलेले. याने खोलीत बसून सगळा आराखडा काढला, हिशोबासकट, आणि काम मिळवलं. वय २२. तिकडचे नावाजलेले कारखानदार बघतच राहिले असणार. सगळं खानदान मग पॅरिसला हललं.

(हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्येच देबँ नावाच्या माणसाने १८४२ मध्ये घेतलं, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमाराला त्याला हातभात्याचं रूप दिलं, तेव्हापासून ती आपल्या मांडीपुढे आहे. पॅरिसच्या त्याच सगळ्या धामधुमीतून आपली पेटी आली आणि हे राक्षसी ऑर्गनही आले, हे मला आजोबांना सांगायला फार आवडलं असतं.)

सेंट-डेनीचा ऑर्गन पूर्ण व्हायला १८४१ उजाडलं, आणि त्यात एक गोष्ट घातली गेली ज्यावर पुढचं सगळं उभं आहे. अडचण अशी असायची की ऑर्गन जितका मोठा आणि हवेचा दाब जितका जास्त तितकी पट्टी जड. दोन-तीन कीबोर्ड जोडले की बोटांनी नव्हे, मनगटाने वाजवायची वेळ. चार्ल्स बार्कर नावाच्या इंग्रजाने युक्ती काढली होती, पट्टीने थेट मोठी झडप उघडायची नाही, पट्टीने फक्त एक छोटी झडप उघडायची, त्यातून हवा एका पिटुकल्या भात्यात जाते, तो भाता फुगतो आणि जड काम तो करतो. इंग्लंडात त्याला कुणी फारसं विचारलं नाही. कावाये-कोलने मात्र उचललं आणि सेंट-डेनीत बसवलं. मग काय, पट्टी हलकी झाल्यावर संगीतकार लोकांनी ऑर्गनसाठी ऑर्केस्ट्रासारखं लिहायला सुरुवात केली. सेंट-क्लोतिल्दचा १८५९ चा ऑर्गन सेझार फ्रांक या संगीतकाराला मिळाला. सेंट-सुल्पिसचा १८६२ चा, १०० स्टॉप, पाच कीबोर्ड, तो विदोर या संगीतकाराकडे गेला. विदोरला १८७० मध्ये तिथे एका वर्षासाठी तात्पुरतं घेतलं होतं, तो ६४ वर्षं राहिला, ही टेम्पररी पोस्टिंगची गोष्ट मी आमच्या ऑफिसात सांगितली तर सगळे एकदम गप्प. आणि सेंट-सुल्पिसमध्ये अजून एक, तिथे आधी क्लिको नावाच्या कारागिराचा १७८१ चा ऑर्गन होता, तर कावाये-कोलने तो मोडून भंगारात नाही टाकला, त्यातले चांगले पाइप जपून आपल्यात बसवले. जुनी माणसं काय बनवून गेलीत ते कळायला पण कारागीर लागतो.

एकूण ५०० च्या आसपास ऑर्गन त्याच्या कारखान्यातून गेले. पैशाच्या बाबतीत मात्र गडी कच्चा. काम मनासारखं होईपर्यंत सोडायचं नाही, मग करारात लिहिलेल्या रकमेच्या वर खर्च गेला तर गेला. शेवटी शेवटी कर्जाने बेजार झाला, १८९८ मध्ये कारखाना शार्ल म्यूतँ या त्याच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाकडे गेला, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात कावाये-कोल वारला.

आता मुद्द्याचं, म्हणजे हवा. पायपेटीवाल्यांनी हे नीट वाचा.

सेट वाजवताना मला पहिल्यापासून काहीतरी कमी वाटत होतं, आवाज उत्तम, चर्चचा घुमारा उत्तम, पण हात मोकळे मोकळे. कारण उघड आहे, भाताच नाही. आपण ऑर्गनवर बसतो तेव्हा गाणाऱ्याचा श्वास आपल्या पायात असतो. गायक समेवर येताना जोर देतो तेव्हा पाय जरा दाबला जातो, आलाप विरताना पाय सैल सोडतो, आणि चांगला ऑर्गनवाला पट्ट्यांवरून ओळखू येत नाही, पायांवरून येतो. इथे पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, पाइप तेवढाच वाजणार. आवाज कमीजास्त करायला एक पेडल आहे, पण ते काय करतं तर काही पाइप एका लाकडी खोलीत बंद असतात, त्या खोलीच्या झडपा उघडतं-मिटतं. म्हणजे सूर तसाच, दार उघडलं एवढंच.

यावर काही रिव्ह्यूवाले सॉफ्टवेअरला नावं ठेवतात, की निर्जीव वाटतं, यांत्रिक वाटतं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते. या माणसाने आयुष्यभर जर कशाच्या मागे धावला असेल तर ती स्थिर हवा. मोठा भाता, त्याला छोटे भाते, मध्ये दाब सांभाळायच्या पेट्या, सगळं कशासाठी, तर सगळे स्टॉप ओढून दहा बोटं आणि दोन पाय एकदम दाबले तरी सुराने मान टाकू नये. आणि हे त्याला किती जमलं होतं? तर लेओं फूको, पृथ्वी फिरते हे लंबकाने दाखवणारा तोच शास्त्रज्ञ, त्याला प्रकाशाचा वेग मोजायचा होता. त्यासाठी एक छोटा आरसा सेकंदाला ४०० फेऱ्या अशा वेगाने फिरवायचा, आणि वेग जरासुद्धा खालीवर झाला की मोजमाप वाया. आरसा फिरायचा हवेच्या झोतावर. म्हणजे प्रश्न आला हवेवर. अख्ख्या पॅरिसमध्ये एकसारखी हवा कोण देईल? त्याने कावाये-कोलचा भाता घेतला, दाब राखणाऱ्या यंत्रणेसकट. १८६२ मध्ये उत्तर आलं, सेकंदाला २,९८,००० किलोमीटर. आज आपण २,९९,७९२ मानतो. सेंट-सुल्पिसचा ऑर्गन वाजला तेही त्याच वर्षी. चर्चमध्ये भजनाला आणि प्रयोगशाळेत प्रकाशाला, हवा एकाच माणसाची.

तेव्हा सूर हलत नाही ही तक्रार करायचीच तर सॉफ्टवेअरकडे नाही, त्या बाबाकडेच करायला हवी. माझ्या प्लेयरमध्ये हवेचं मॉडेल म्हणून एक ऑप्शन आहे, तो चालू केला की भरपूर पट्ट्या एकदम दाबल्यावर सूर किंचित बसतो, जुन्या डळमळीत ऑर्गनचा भास होतो. मी तो या सेटला बंदच ठेवते. ज्याने सूर बसू नये म्हणून कर्ज काढलं त्याच्या ऑर्गनला आपण हौसेने डुगडुगवायचं, हे मला तरी बरं वाटत नाही.

पण मग साथ कशी करायची? नाही करायची. स्पष्ट सांगते, नाट्यसंगीताच्या साथीला हा सेट उपयोगाचा नाही. एकतर घुमारा. दगडी चर्चमध्ये पट्टी सोडल्यावर आवाज कितीतरी सेकंद फिरत राहतो आणि तो रेकॉर्डिंगमध्येच मुरलेला आहे. मुरकी घेतली, छोटी तान घेतली की सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता कालवा. आलापी, संथ पद, लांब मींडीच्या जागा सोडून सरळ स्वरांची चाल, हे मात्र असं काही उभं राहतं की सांगता सोय नाही. मी यमन अगदी संथ, डाव्या पायाने १६ फुटी खर्जाचा षड्ज धरून आणि उजव्या हाताने फक्त फ्ल्यूट, अशी वाजवत बसते, आणि पंचमावर थांबून पट्टी सोडली की तो पंचम जात असतानाच त्याच्यावर पुढचा स्वर ठेवायचा, घाई करायची नाही. वाजवण्याचा वेग चर्च ठरवतं.

दुसरी गोष्ट सूर. तानपुरा अॅप लावून वाजवायला गेलात की लगेच कळेल, जुळत नाही. फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ला म्हणजे आपल्या हिशोबाने सफेद सहाचा मधला सूर ४३५ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) बांधला, आणि आपले अॅप, आपले कीबोर्ड सगळे ४४० वर. फरक वाचायला पाचाचा पण कानाला चांगलाच बोचतो. सेट मूळ सुरातच येतो. दोन उपाय, एकतर प्लेयरच्या सेटिंगमध्ये अख्खा ऑर्गन वर चढवायचा, नाहीतर तानपुरा खाली आणायचा. मी तानपुरा खाली आणते. गंधार आपल्याला हवा तसा लावता येतो का? थोडाफार, प्लेयरमध्ये ट्यूनिंग बदलायची सोय आहे, त्यात खेळलं तर यमनचा गंधार बराच गोड होतो, पण मग तोच ऑर्गन भैरवीला घेतलात तर परत सेटिंग. रोज कोण करणार.

आणि एक मजा जी पायपेटीत नाही. फ्रेंच लोक ज्याला आँश म्हणतात ते सगळे कडक, पितळी जिभेचे स्टॉप, ट्रंपेट वगैरे, ते आधीच ओढून ठेवायचे पण वाजत नाहीत, कारण त्यांची हवा वेगळी बंद असते. वाजवता वाजवता पायाने एक लोखंडी दांडा खाली दाबायचा, की त्या सगळ्यांना एकदम हवा मिळते. हात पट्टीवरून उचलायला नको. मी त्या दांड्यांसाठी शिलाई मशीनवाल्याकडचे जुने फूटस्विच लावलेत. मुलाचे मित्र आले की त्यांना हेच दाखवते, शांत सूर चाललेला असतो आणि एका पायात अख्खी भिंत कोसळते. एकाने हेडफोन काढून फेकला.

आता तक्रारी, कारण तक्रारी नसलेला रिव्ह्यू पेड वाटतो. रॅम भयंकर लागते. माझा लॅपटॉप १६ जीबीचा, त्यावर अख्खा सेट पूर्ण क्वालिटीत बसत नाही, काही स्टॉप बंद ठेवून आणि क्वालिटी एक पायरी उतरवून बसवावा लागतो. घेणार असाल तर ३२ जीबी धरून चाला, ६४ असेल तर प्रश्नच नाही. डाउनलोड मोठमोठ्या तुकड्यांत येतं आणि एक तुकडा अर्धवट आला की सगळं परत. लोड व्हायला वेळ लागतो, पहिल्यांदा चहा होऊन जातो. स्क्रीनवर स्टॉपची नावं जुन्या फ्रेंच वळणाची, दिसायला देखणी पण चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. मॅन्युअल आहे, पण ते ज्यांना आधीच सगळं येतं त्यांच्यासाठी लिहिलंय. एक सेकंडहँड एमआयडीआय कीबोर्ड मी ऑनलाइन घेतला त्याच्या तीन पट्ट्या मुक्या निघाल्या आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, तेव्हा हे सामान समोर वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

लाइट गेली की ऑर्गन खलास, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा मी उठून आजोबांच्या ऑर्गनवर बसते, त्याला फक्त पाय लागतात. पावसाळ्यात मात्र उलट, तेव्हा आजोबांचा ऑर्गन रुसतो, लाकूड फुगतं, दोन पट्ट्या अडकून कूं करत बसतात, आणि लॅपटॉपातल्या नॉर्मंडीला ठाण्याच्या दमटपणाशी काही देणंघेणं नाही.

शेजारपाजार. हेडफोनवर वाजवलंत तर कुणाला काही नाही, फक्त पेडलबोर्डच्या लाकडाचा टकटक आवाज खाली जातो, त्यासाठी खाली जाड सतरंजी आणि पट्ट्यांना फेल्ट. स्पीकरवर वाजवायची हौस एकदा सगळ्यांनाच येते. १६ फुटीचा सगळ्यात खालचा सूर साधारण ३२ हर्ट्झ, तो छोट्या स्पीकरमधून येतच नाही, आणि ज्या सबवूफरमधून येतो तो खालच्या मजल्यावरच्या काकांच्या शोकेसच्या काचांमधूनही येतो. काका वर आले. भांडायला नाही हो, विचारायला आले, "काय गं, नवरात्राचं आहे का काही?" मग बसले, हेडफोन लावला, आणि बराच वेळ उठलेच नाहीत, आता कधीमधी संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारून परस्पर आमच्याकडेच येतात आणि "ते खालचं वाजव" म्हणतात. तलावपाळीजवळच्या चर्चवरून ते आयुष्यभर गेलेत, आत काय वाजतं हा विचार कधी केला नव्हता म्हणाले.

पैसे. सेट, प्लेयरची वर्गणी, कीबोर्ड, सुतारदादा, हेडफोन असं सगळं धरलं तर एक उत्तम तीन सुरी संवादिनी नक्की आली असती, कदाचित वर थोडे उरलेही असते. पेमेंट युरोत, त्यावर कार्डवाल्यांचं कन्व्हर्जन वेगळं, ते बिलात नंतर दिसतं.

कुणी घ्यावा? पायपेटी किंवा पेटी वाजवणाऱ्या ज्या माणसाला सूर म्हणजे काय यात रस आहे त्याने. एक पाइप, त्याची सुरुवात, त्याचं विरणं, दोन स्टॉप जोडल्यावर तिसराच रंग कसा येतो, हे इतक्या जवळून ऐकायला दुसरीकडे मिळणार नाही, आणि ऐकून आपल्या पेटीवरचा हात बदलतो, माझा बदललाय, पट्टी सोडायची घाई कमी झाली आहे. कुणी घेऊ नये? ज्यांना साथ करायची आहे, ज्यांना कार्यक्रमाला उचलून न्यायचं आहे, आणि ज्यांच्या घरात हॉलमध्ये अजून एक सामान आणलं तर घटस्फोट होईल त्यांनी. आवाजाला पाचपैकी पाच, घुमाऱ्याला पाच, वापरायला सोपं आहे का याला दोन, मॅन्युअलला एक.

बहुतेक सेटांचा कमी स्टॉपवाला डेमो फुकट मिळतो, तो आधी ग्रँडऑर्ग किंवा तुमच्या प्लेयरवर टाकून बघा, साध्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर पण चालतो, पेडलबोर्ड नंतर. आणि पेडलबोर्ड करायचाच ठरला तर मानपाड्याच्या दादांना गणपतीच्या आधी गाठू नका, मखरांच्या ऑर्डरी असतात, दिवाळीनंतर जा.